डब्यावरचा मालक आणि पडद्यावरचा कारागीर : मेनरोडच्या बोळातील डिस्कचे दुकान

नाशिकच्या मेनरोडवरून भांडीबाजाराकडे वळणाऱ्या एका बोळात जुन्या चित्रपटांच्या आणि कार्टूनच्या अस्सल डिस्क विकणारे एक छोटे दुकान आहे. दुकान चालवणाऱ्या काकांना जाहिरात नको आहे आणि त्यांनी नाव छापू नका असे सांगितले आहे, म्हणून मी येथे नाव देत नाही; बोळात शिरून 'सीडीवाले काका' कुठे बसतात असे विचारले, तर कोणीही दाखवते. इंदिरानगरमधील आमच्या सोसायटीत महिन्यातून दोन शनिवारी आम्ही मुलांना मोठ्या पडद्यावर जुनी कार्टून दाखवतो, आणि त्यासाठी गेल्या वर्षभरात मी या दुकानातून सात संच विकत घेतले. त्या खरेदीच्या आधारावर हा अभिप्राय लिहीत आहे.

मला हे दुकान आवडले ते तिथल्या मांडणीमुळे. इतर ठिकाणी कार्टूनच्या डिस्क पात्रांच्या नावाप्रमाणे नाहीतर किमतीप्रमाणे लावलेल्या असतात. येथे त्या ज्या संस्थेच्या चित्रकारांनी काढल्या, त्या संस्थेप्रमाणे खणाखणांत लावलेल्या आहेत. प्रत्येक खणाला पोस्टकार्डाएवढे एक कार्ड टाचलेले आहे आणि त्यावर काकांच्या सुवाच्य अक्षरांत तीन ओळी आहेत: कोणी काढले, कोणत्या वर्षांत काढले आणि आज हक्क कोणाकडे आहेत. पहिल्या दोन ओळी निळ्या शाईने लिहिलेल्या आहेत, तर तिसरी पेन्सिलने. मालक बदलला की काका तिसरी ओळ खोडतात आणि नवी लिहितात. काही कार्डांवर त्या ठिकाणचा कागद खोडून खोडून इतका विरला आहे की अक्षराच्या मागचे लाकूड दिसते.

पहिल्या भेटीत मी 'वॉर्नरची कार्टून' मागितली, कारण घरी असलेल्या टॉम अँड जेरीच्या डब्यावर वॉर्नर ब्रदर्सची ढाल छापलेली होती आणि मला तशीच आणखी हवी होती. काकांनी डबा हातात घेतला आणि म्हणाले, "ताई, हे वॉर्नरनं काढलेलं नाही. डब्यावर ढाल असली तरी आत सिंह आहे, बघा." त्यांनी काउंटरवरच्या लहान टीव्हीवर डिस्क लावली. वर्तुळातला एमजीएम या चित्रपट कंपनीचा सिंह डरकाळी फोडून गेला आणि मग नावाची पाटी आली. तेवढ्यात त्यांनी चित्र थांबवले आणि पाटीवरची लहान अक्षरे मला वाचायला लावली.

विल्यम हॅना आणि जोसेफ बार्बेरा यांनी १९४० ते १९५८ या काळातील टॉम अँड जेरीचे ११४ लघुपट एमजीएमच्या कार्टून विभागात दिग्दर्शित केले. जुने लघुपट पुन्हा प्रदर्शित केले तरी नव्याच्या जवळपास जाणारे उत्पन्न मिळते, असा हिशेब कंपनीच्या लक्षात आला आणि १९५७ मध्ये तिने हा विभाग बंद केला. पुढे १९८६ मध्ये दूरचित्रवाणी वाहिन्यांचे अमेरिकी मालक टेड टर्नर यांनी एमजीएम विकत घेतली, थोड्याच काळात तिचा बराचसा भाग परत विकला, पण जुन्या चित्रपटांचा साठा मात्र स्वतःकडे ठेवला. आणि १९९६ मध्ये टर्नर यांची कंपनी वॉर्नर ब्रदर्सची मालक असलेल्या टाइम वॉर्नरमध्ये विलीन झाली. त्यामुळे सिंहाची डरकाळी आज ढालीच्या मालकीची आहे. काकांनी सांगितलेली दुसरी गोष्ट मला अधिक लागली. या मालिकेच्या १९४० मधील पहिल्या लघुपटाच्या पाटीवर हॅना यांचेही नाव नाही आणि बार्बेरा यांचेही नाही. तिथे रुडॉल्फ आयझिंग यांचे नाव आहे. मालिकेला सात ऑस्कर मिळाली, तीही निर्माता या नात्याने फ्रेड क्विम्बी यांच्या नावावर. ज्यांनी ही पात्रे घडवली त्यांना स्वतःचे नाव पडद्यावर यायला वाट पाहावी लागली, आणि म्हणून आज एखाद्या डिस्कवर ती पाटीच कापलेली दिसली की मला ते क्षम्य वाटत नाही.

टॉम अँड जेरीचा माल या दुकानात तीन ठिकाणी विभागलेला आहे. हॅना आणि बार्बेरा यांचे लघुपट एका खणात आहेत, १९६१-६२ मध्ये जीन डाइच यांनी प्रागमध्ये केलेले १३ दुसऱ्या खणात आहेत आणि १९६३ ते १९६७ या काळातले चक जोन्स यांचे ३४ तिसऱ्या खणात आहेत. स्वस्त संग्रहांत हे तिन्ही प्रकार एकत्र कालवलेले असतात आणि डब्यावर त्याची कसलीही सूचना नसते. आमच्या एका शनिवारी आठ वर्षांच्या एका मुलीने मध्येच उठून विचारले, "आजचा टॉम वेगळा का दिसतो? याच्या भुवया जाड आहेत." ती अगदी बरोबर होती, तो चक जोन्स यांचा टॉम होता. मुलांना जे दिसते ते डब्यावर छापायला काय हरकत आहे, हे मला अजून समजलेले नाही.

पिंक पँथरचा खण टॉम अँड जेरीच्या शेजारीच आहे, आणि काकांनी तो मुद्दाम तिथे ठेवला आहे. वॉर्नर ब्रदर्सने आपला कार्टून विभाग बंद केल्यावर डेव्हिड डिपॅटी आणि वॉर्नरमध्ये अनेक वर्षे काम केलेले दिग्दर्शक फ्रिझ फ्रेलेंग यांनी १९६३ मध्ये स्वतःची संस्था काढली, आणि सुरुवातीचे काम वॉर्नरच्याच जुन्या इमारतीत भाड्याने जागा घेऊन केले. त्यांच्या हातून घडलेला गुलाबी पँथर युनायटेड आर्टिस्ट्सकडे होता, तिथून तो एमजीएमकडे गेला आणि २०२२ मध्ये एमजीएमसह ॲमेझॉनकडे. म्हणजे वॉर्नरच्या माणसांनी वॉर्नरच्या भिंतींआड काढलेले कार्टून आज सिंहाच्या घरात आहे आणि सिंहाच्या घरात जन्मलेले मांजर-उंदीर वॉर्नरकडे आहेत. ही दोन कार्डे शेजारी शेजारी टाचलेली पाहिल्यावर जे एका नजरेत उलगडते, ते मला अनेक लेख वाचूनही नीट उलगडले नव्हते. संस्था म्हणून डिपॅटी-फ्रेलेंगचे पुढे काय झाले तेही कार्डावर आहे: १९८१ मध्ये ती मार्व्हलकडे गेली आणि तिचे नाव मार्व्हल प्रॉडक्शन्स झाले.

सर्वांत मोठा खण अर्थातच हॅना-बार्बेरा यांचा आहे. एमजीएमने दार बंद केल्यावर या दोघांनी १९५७ मध्ये स्वतःची संस्था काढली, आणि कोणाचे नाव आधी लावायचे हे नाणे उडवून ठरवले. कोलंबिया पिक्चर्सची दूरचित्रवाणी शाखा असलेल्या स्क्रीन जेम्सने त्यांना आधार दिला, पण पैसे अगदी बेताचे दिले. एमजीएममध्ये सात मिनिटांच्या एका लघुपटावर जितका खर्च होत असे, त्याच्या अगदी लहानशा भागात आता टीव्हीसाठी कार्टून काढायचे होते. काकांनी योगी बेअरच्या संचातला एक भाग लावून यातली युक्ती मला दाखवली. योगीच्या गळ्यात पांढरी कॉलर आणि हिरवा टाय असतो. तो बोलत असताना कॉलरच्या खालचे धड एकाच चित्रात स्थिर राहते आणि फक्त कॉलरच्या वरचे डोके बदलत जाते. कॉलरमुळे जोड दिसत नाही. या संस्थेच्या कितीतरी प्राण्यांच्या गळ्यात काही ना काही बांधलेले आहे, ते याच कारणाने. आमच्या मुलांना मी हे सांगितल्यापासून ती प्रत्येक पात्राचा गळा आधी तपासतात आणि फ्रेड फ्लिन्टस्टोन धावू लागला की मागून तीच खिडकी किती वेळा गेली ते मोठ्याने मोजतात. मला यात त्या कारागिरांचा अपमान वाटत नाही. अपुऱ्या पैशांत दर आठवड्याला नवा भाग उभा करणे हे फार मोठे कौशल्य होते, आणि फ्लिन्टस्टोन्सचे १९६० ते १९६६ या सहा वर्षांत १६६ भाग झाले, हे त्याच युक्त्यांमुळे शक्य झाले.

याच खणाच्या कार्डावरची तिसरी ओळ सर्वाधिक झिजलेली आहे. सिनसिनाटीच्या टॅफ्ट ब्रॉडकास्टिंगने १९६६-६७ च्या सुमारास ही संस्था १ कोटी २० लाख डॉलरांना घेतली. टॅफ्टने १९७२ मध्ये किंग्ज आयलंड नावाचे मनोरंजन उद्यान सुरू केले, आणि योगी, फ्रेड वगैरे मंडळी तिथे पाळण्यांच्या रांगेत मुलांना भेटू लागली. कार्टून संस्था हाताशी असण्याचा असाही उपयोग असतो. पुढे १९९१ मध्ये टर्नर यांच्या बाजूने ती सुमारे ३२ कोटी डॉलरांना घेतली, आणि १ ऑक्टोबर १९९२ रोजी कार्टून नेटवर्क सुरू झाले तेव्हा चोवीस तास दाखवायला पुरेल एवढा माल त्या दोन खरेदींमुळे, म्हणजे एमजीएमचा साठा आणि हॅना-बार्बेराचा साठा यांमुळे, आधीच घरात होता.

माझ्या पिढीतील नाशिककरांना याचा परिणाम आठवत असेल. केबलवर १९९५ मध्ये ही वाहिनी आली तेव्हा दिवसा कार्टून लागत, आणि संध्याकाळ झाली की तीच वाहिनी टीएनटी होऊन जुने इंग्रजी चित्रपट दाखवू लागे. आमच्या घरी त्या वेळी मुलांनी उठायचे आणि आजोबांनी बसायचे असा शिरस्ता होता. आजोबांचे चित्रपट आणि आमचे टॉम अँड जेरी एकाच साठ्यातून, एकाच १९८६ च्या व्यवहारातून आमच्या दिवाणखान्यात येत होते, हे मला काकांच्या दुकानात उभी असताना कळले आणि त्या दिवशी मी आजोबांच्या आठवणीने बराच वेळ तिथेच थांबले.

त्यानंतर नावांचा गुंता वाढत जातो. डेक्स्टर, जॉनी ब्राव्हो आणि पॉवरपफ गर्ल्स ही नव्वदच्या दशकातील मंडळी हॅना-बार्बेराच्याच छत्राखाली जन्मली आणि सुरुवातीच्या भागांच्या शेवटी त्याच संस्थेचे चिन्ह येते. नंतरच्या भागांच्या शेवटी मात्र कार्टून नेटवर्क स्टुडिओजचे चिन्ह आहे. विल्यम हॅना यांचे २००१ मध्ये निधन झाले, आणि त्याच वर्षी त्यांची संस्था वॉर्नरच्या कार्टून विभागात मिसळून गेली. नाव मात्र बोधचिन्ह म्हणून राहिले, आणि २०२१ मध्ये लंडनमधील कार्टून नेटवर्कच्या युरोपीय स्टुडिओला 'हॅना-बार्बेरा स्टुडिओज युरोप' असे नाव देण्यात आले. हयात नसलेल्या दोन माणसांची आडनावे दुसऱ्या देशातील, दुसऱ्या माणसांच्या कामाच्या दारावर लागली. तिथले कलावंत उत्तम काम करतात, त्याबद्दल मला आदरच आहे. पण खरेदी करणाऱ्याने 'हॅना-बार्बेरा' हा शब्द वाचून आत काय असेल याचा अंदाज आता बांधू नये, एवढे मी आवर्जून सांगेन, वर्ष पाहावे. काकांच्या कार्डावरची दुसरी ओळ त्यासाठीच आहे.

नाशिककरांना ही सारी हकिकत परकी वाटण्याचे कारण नाही. त्र्यंबकेश्वरी जन्मलेल्या दादासाहेब फाळके यांनी १९१३ मध्ये आपला कारखाना नाशिकला आणला, १९१५ च्या सुमारास आगकाड्या एकेक चित्राने हलवून पडद्यावर जिवंत केल्या, आणि १९१८ मध्ये मुंबईच्या भांडवलदारांची भागीदारी आल्यावर त्यांची संस्था 'हिंदुस्तान सिनेमा फिल्म्स कंपनी' झाली. भागीदारांशी मतभेद होऊन ते बाहेर पडले आणि काही काळाने परतलेही. काकांनी गल्ल्याच्या वर फाळक्यांची तसबीर लावली आहे, तिला रोज हार असतो.

आता तक्रारीकडे येते. माझ्या सात संचांपैकी एक संच सदोष निघाला. एका प्रकाशकाचा तो जुन्या कार्टूनचा मिश्र संग्रह होता आणि त्यातील प्रत्येक लघुपटाची सुरुवातीची पाटी कापून तिथे प्रकाशकाने स्वतःचे एकच रंगीत चिन्ह जोडले होते. कोणाची दिग्दर्शनाची पाटी नाही, संगीतकाराचे नाव नाही, वर्ष नाही. एका लघुपटात तर चित्र सुरू होण्याआधीच संगीताचे शेपूट अर्ध्यावर तुटलेले ऐकू येते. मी तो संच परत नेला तेव्हा काकांनी एक अक्षरही न बोलता तो टीव्हीवर लावला, तीन लघुपटांची सुरुवात पाहिली, पूर्ण पैसे परत केले आणि त्या प्रकाशकाचे उरलेले दोन संचही खणातून काढून बाजूला ठेवले. दुकानदाराची परीक्षा अशा वेळी होते, आणि त्या परीक्षेत हे दुकान माझ्या मते पूर्ण उतरले.

पाट्यांशी केलेली अशी हातचलाखी नवी नाही, हेही त्याच दिवशी समजले. पॉपायचे जुने लघुपट फ्लायशर बंधूंच्या स्टुडिओत पॅरामाउंटसाठी तयार झाले होते. १९५६ मध्ये ते टीव्हीसाठी एएपी नावाच्या वितरकाला विकले गेले, तेव्हा पॅरामाउंटचे डोंगराचे चिन्ह काढून एएपीची पाटी चिकटवली गेली, आणि त्याच वितरकाने त्याच सुमारास वॉर्नरची १९४८ पूर्वीची रंगीत कार्टूनही घेतली. एएपी युनायटेड आर्टिस्ट्सकडे गेली, ती एमजीएमकडे, तिथून टर्नरकडे. आणि अशा रीतीने वॉर्नरने स्वतः विकलेली कार्टून चाळीस वर्षांनी फिरून वॉर्नरच्याच घरी परतली. पॉपायच्या बाबतीत आणखी एक पेच होता, कारण लघुपट एकाकडे आणि पात्राचे हक्क किंग फीचर्सकडे होते. दोघांचे जुळल्यावर २००७ मध्ये वॉर्नरने १९३३ पासूनच्या पहिल्या ६० लघुपटांचा संच काढला, आणि त्यात पॅरामाउंटचा डोंगर परत बसवला. स्वतःच्या डिस्कवर दुसऱ्या कंपनीचे चिन्ह सन्मानाने दाखवणारा हा संच मी घेतलेल्या सर्व खरेदींत सर्वोत्तम आहे. चित्र स्वच्छ आहे, काळ्या-पांढऱ्या छटा खोल आहेत आणि प्रत्येक लघुपटाच्या आधी ज्याचे त्याचे नाव आहे.

फिल्मेशनचा खण लहान आहे, पण ज्यांनी दूरदर्शनवर ही-मॅन पाहिला त्यांनी तो अवश्य पाहावा. या संस्थेचे लू शायमर आणि नॉर्म प्रेस्कॉट यांनी आपली नावे पडद्यावर वर्तुळात फिरती ठेवली होती, म्हणजे कोणाचेही नाव कायम पहिले राहू नये. ही-मॅनपर्यंत प्रेस्कॉट बाहेर पडले होते, म्हणून तिथे एकट्या शायमर यांची सही दिसते. बहुतेक संस्था चित्रे काढण्याचे काम परदेशी पाठवू लागल्या तेव्हाही फिल्मेशनने ते मुख्यतः आपल्याच छताखाली ठेवले. पुढे मालकी वेस्टिंगहाउसकडे होती, आणि लोरेआल या सौंदर्यप्रसाधनांच्या कंपनीशी संबंधित गटाने ती घेतल्यावर फेब्रुवारी १९८९ मध्ये संस्था बंद झाली. कामावरून कमी करण्याआधी ६० दिवसांची सूचना देण्याचा कायदा लागू होण्याच्या तोंडावर ही टाळेबंदी झाली. तो साठा आज अनेक हातांतून फिरून ड्रीमवर्क्सच्या वाटेने युनिव्हर्सलकडे आहे, तर ही-मॅन हे पात्र खेळणी बनवणाऱ्या मॅटेलचे आहे.

खरेदीला जाणाऱ्यांसाठी काही व्यावहारिक गोष्टी. अमेरिकेतून आलेले संच 'रिजन १' चे असतात आणि आपल्याकडचे बहुतेक प्लेअर 'रिजन ५' चे, त्यामुळे काका आधी तुमच्या प्लेअरचे मॉडेल विचारतात आणि चालणार नसेल तर विकत नाहीत. सुट्या डिस्क साधारण दीडशे रुपयांपासून आहेत, परदेशी संच महाग आहेत आणि त्यांत घासाघीस होत नाही. दुकानात एका वेळी दोनच माणसे उभी राहू शकतात, वरच्या खणांवर उजेड पोहोचत नाही, आणि छापील पावती मागितल्याशिवाय मिळत नाही. या तीन गोष्टी सुधारायला हव्यात. दुकान सोमवारी बंद असते. मेनरोडला गाडी लावायला जागा मिळत नाही, तेव्हा शालिमारला उतरून चालत जाणे बरे. शक्यतो दुपारी जावे, कारण त्या वेळी गर्दी नसते आणि काका चित्र थांबवून थांबवून दाखवतात.

मागच्या आठवड्यात मी रॉकी आणि बुलविंकलचा संच मागून ठेवला आहे. डिस्क अजून आलेल्या नाहीत. कार्ड मात्र काकांनी माझ्यासमोरच लिहून रिकाम्या खणाला टाचले: पहिल्या ओळीत जे वॉर्ड, दुसरीत १९५९, आणि तिसरीसाठी त्यांनी पेन्सिलला टोक केले.